खाज थांबली

३ फेब्रुवारी

नोकरी लागली. दादा गेल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता. सकाळी येताना चक्क गाणं गुणगुणत होते. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी कौतुकाने बघितलं. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, ही पोरगी एका माणसाचा काटा काढायला निघाली आहे.

प्रयोगशाळा छान आहे, उगाच खोटं कशाला लिहू. लांबट खोली, खिडक्यांना बारीक जाळी, मधोमध पांढरं टेबल, कोपऱ्यात भांडी उकळायचं यंत्र. त्याच्या वाफेने त्या भागात कायम ऊब असते. दारातच बाहेरच्या चपला काढायच्या आणि आपापल्या सपाता घालायच्या असा इथला नियम. मला नव्या निळ्या मिळाल्या. सरांच्या तपकिरी कापडी आहेत, आतलं अस्तर झिजलेलं. मोजे ते घालत नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं.

आम्ही तिघंच. सर, मी आणि काचेची भांडी धुणाऱ्या मावशी. मावशींनी आल्या आल्या बजावलं की त्या उकळून ठेवतात त्या भांड्यांना हात लावायचा नाही, आणि साध्या कचऱ्याच्या डब्यात इथला साधा बोळासुद्धा टाकायचा नाही, त्या डबा उलटा करून बघतात. मीही ऐकून घेतलं नाही. माझ्या नाकावरच राग असतो असं आई म्हणायची. पहिल्याच दिवशी खिडकी उघडी ठेवण्यावरून आमची जुंपली. सर शांतपणे हसले आणि खिडकी अर्धी उघडून निघून गेले.

सरांनी आडनाव विचारलं. सांगितलं. नवऱ्याला सोडलं तरी त्याचं आडनाव सोडलं नव्हतं, ते आज पहिल्यांदा कामाला आलं. दादाच्या आडनावाची मुलगी त्यांनी दारातही उभी केली नसती. कारण ज्या खुर्चीवर बसून मी काम करणार आहे, ती दादाची खुर्ची.

६ फेब्रुवारी

आज सरांनी काम नीट समजावलं. शिकवतात उत्तम, त्याला इलाज नाही.

इथे एका जातीच्या जंतांवर अभ्यास चालतो. त्यांच्या अळ्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. ओल्या कापसावर त्या निपचित पडून असतात. जिवंत आहेत का हे बघायचं तर बशीवर तोंडाने ऊन वाफ सोडायची. सरांनी सोडली आणि भिंगातून मला बघायला लावलं. सगळ्या अळ्या शेपटीवर उभ्या राहून डोलायला लागल्या. माणूस जवळ आला हे त्यांना श्वासाने आणि उबेने कळतं. मग त्या कातडीतून आत शिरतात. जखम असावी लागत नाही, घाम आलेली बोटांची बेचकी पुरते.

अळी शिरली की पहिली बोंब कातडीच ठोकते. फाटलेल्या पेशी धोक्याचा इशारा सोडतात. कातडीखाली पहाऱ्यावर बसलेल्या पेशी तो ऐकून फुटतात आणि पोटातला सगळा दारूगोळा तिथेच ओततात. म्हणून लाली येते, सूज येते, आणि खाज सुटते. खाज म्हणजे पहारा जागा आहे, असं सर म्हणाले. मग रक्तातून दुसऱ्या पेशी धावून येतात. त्या सरांनी मला काचेवर दाखवल्या. रंग दिला की पोटातले दाणे लालभडक दिसतात. अळी त्यांच्याहून कितीतरी मोठी, गिळता येणारी नाही. मग त्या तिला चारी बाजूंनी चिकटतात आणि आपल्यातलं विष तिच्यावर रिकामं करतात. त्यात स्वतः मरतात, पण सोडत नाहीत.

मी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. इतकं जवळचं कुणी मला कित्येक दिवसांत भेटलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. डोक्यात ठेवून ठेवून डोकं फुटायची वेळ आली आहे.

दादाचा हातमोजा फाटला होता. हाताला खाज सुटली. त्याने सरांना सांगितलं. त्याच आठवड्यात बाहेरून मोठी मंडळी पाहणीला यायची होती, काम थांबवणं सरांना परवडणारं नव्हतं. ते म्हणाले, साबणाची अ‍ॅलर्जी असेल, आणि सूज-खाज दाबायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. स्टेरॉइडच्या. खाज लगेच थांबली. थांबणारच, त्या गोळीने पहारेकरीच झोपतात. मोकळं रान मिळाल्यावर जंत त्याच्या अंगात वाढत गेले, फुप्फुसांत, रक्तात, सगळीकडे. घरी फोनवर दादा खाजेचं, गोळ्यांचं सगळं सांगायचा, वर म्हणायचा की आता एकदम बरं वाटतंय, सर देवमाणूस आहेत. पुढच्या पंधरवड्यात तो गेला. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. सर भेटायला आले नाहीत, चार ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही.

तर माझा बेत सोपा आहे. त्याच अळ्या सरांच्या तळपायांत. खाज सुटली की त्यांच्याच कपाटातल्या त्याच गोळ्या कुटून चहात. चहा मीच करते. दादाला जे जे झालं ते सगळं त्यांना व्हावं, त्याच क्रमाने. मला घाई नाही. मला ते नीट बघायचं आहे.

१२ फेब्रुवारी

केलं. मावशी यायच्या आधी सकाळीच उरकलं. कापसाचा ओला बोळा सरांच्या दोन्ही सपातांत पिळला, अस्तराने पाणी पिऊन टाकलं. मग बशीवर सोडतात तशी तोंडाची वाफ सोडली. भिंग नव्हतं, पण सगळ्या उठून उभ्या राहिल्या असणार. हातमोजे उकळत्या पाण्यात टाकले. बोळा टाकणार तोच मावशींची पावलं वाजली, म्हणून तो अ‍ॅप्रनच्या खिशात कोंबला.

सर आले, सपाता घातल्या, दिवसभर फिरले. माझ्या मनात लाडू फुटत होते.

१३ फेब्रुवारी

सरांना काहीच नाही. पायसुद्धा घासला नाही. दुपारी बोलता बोलता त्यांनी दादाचा विषय काढला, म्हणजे माझ्या आधी इथे एक मुलगा होता, हुशार होता, आजारी पडून गेला, असं. जसं काही एखादी बशी फुटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रागावले की हात खिशात घालून मुठी आवळते, लहानपणापासूनची सवय. आवळल्या. बराच वेळ आवळून धरल्या.

संध्याकाळी अ‍ॅप्रन काढताना लक्षात आलं, मुठीत काय होतं ते. बोळा विसरले होते. अ‍ॅप्रन त्या उकळत्या यंत्राशेजारी टांगलेला असतो, त्यामुळे बोळा ओला आणि उबदार राहिला होता.

हात कढत पाण्याने धुतले. घासून घासून धुतले.

१४ फेब्रुवारी

बोटांच्या बेचकीत खाज. लाल रेघा, नागमोडी. सूजही आली आहे.

घाबरले, हे कबूल. मग शांतपणे विचार केला. या जातीवरचं औषध बाहेर मिळत नाही, ते सरांच्या कपाटात आहे. मागितलं तर कारण सांगावं लागेल, आणि मग सपाता, बोळा, दादा, सगळंच उघडं पडेल. सर सुटतील. छे. आधी त्यांचं उट्टं काढते, मग औषध. शिवाय खाज आहे तोवर माझे पहारेकरी जागे आहेत. खाजवताना बरं वाटतं. लढा गं बायांनो.

१८ फेब्रुवारी

सरांच्या पायांना काही होत का नाही ते आज कळलं. विचारावं लागलं नाही, त्यांनीच सांगितलं. माझ्या हातांकडे बघत होते.

त्यांच्या अंगात हे जंत कित्येक वर्षांपासून आहेत. स्वतःवरच प्रयोग केला होता. सुरुवातीला खूप खाज सुटली, मग थांबली. जंत स्वतःच काहीतरी सोडतात आणि पहारेकऱ्यांना निजवतात, असं म्हणाले. हळूहळू माणूसही निवतो. त्यांची बायको निघून गेली तेव्हा त्यांना नीट जेवण गेलं. तो मुलगा गेला तेव्हाही. चिठ्ठी लिहावी असं वाटलंच नाही, कारण काही वाटतच नव्हतं. त्यांनी माफी मागितली नाही. तक्रारही केली नाही. मग मला विचारलं, खाज अजून आहे ना?

मी म्हटलं, साबणाची अ‍ॅलर्जी आहे. ते हसले.

हा माणूस माझ्या भावाला मारून जेवला. नीट जेवला. आता दयामाया नाही. उलट काम सोपं झालं. अळ्या त्यांच्यात आहेतच, फक्त गोळ्या हव्यात. उद्या कपाटाची किल्ली.

२१ फेब्रुवारी

गोळ्या मिळाल्या. कुटल्या. पुडी माझ्या पेटीत आहे. एकदाच चहात घालून भागायचं नाही, रोज थोडी थोडी घालावी लागेल. सोमवारपासून सुरू.

खोकला सुरू झाला आहे. कोरडा. म्हणजे अळ्या फुप्फुसांत पोचल्या. खाज कमी वाटते.

२२ फेब्रुवारी

मावशींनी माझ्या रंगवलेल्या काचा धुऊन टाकल्या. आठवडाभराचं काम. मी म्हटलं, असू द्या. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, बाई, तुला बरं नाही का? भांडत का नाहीस?

घरी येऊन आठवलं, तेव्हा घाम फुटला. माझा राग कुठे —

२३ फेब्रुवारी

खाज थांबली.

नखांनी ओरबाडून बघितलं. रक्त आलं. खाज नाही. मुद्दाम दादाचा फोटो पेटीतून बाहेर काढला. दवाखान्यातला, शेवटचा, नळ्या लावलेला. तो बघितला की माझी दातखीळ बसायची. आज बघितला. फोटो जुना झालाय, कोपरा दुमडलाय, एवढंच —

नाही. हे माझं नाही. हे त्या जंतांचं आहे. माझ्या आत बसून कोणीतरी मला थोपटतंय. जागी राहा. लिही. सरांनी दादाला मारलं. सरांनी दादाला मारलं. सरांनी

सोमवार

पुडी आणि ही वही घेऊन आले. अजून थोडा राग शिल्लक होता, तळाशी. तेवढ्यात उरकायचं ठरवलं. चहा केला, पुडी घातली, ढवळली. सगळी घातली, थोडी थोडी नाही. उद्यापर्यंत राग टिकेल याची खात्री नव्हती.

कप सरांपुढे ठेवला. त्यांनी उचलला. आणि मी म्हटलं, सर, पिऊ नका, त्यात गोळ्या आहेत.

मीच म्हटलं. माझ्या तोंडाने. वर वाचलं मी, वर सगळं लिहिलंय, किती वाट बघितली होती ते — दादा, मला रडूसुद्धा —

सर चिडले नाहीत. घाबरले नाहीत. म्हणाले, त्याची बहीण ना तू, खोकतेस त्याच्यासारखी. म्हणाले, आता बरं वाटेल बघ. कप माझ्याकडे सरकवला. म्हणाले, मग तूच घे, खोकला थांबेल.

मला माहीत आहे त्यात काय आहे. मीच कुटलंय. नको म्हणायला हवं. कोणीतरी ओरडायला हवं आत. कान देऊन बसले आहे, कोणीच —

सर समोर बसलेत. चांगले आहेत. दादाही म्हणायचा, देवमाणूस

चहा अजून गरम आहे. एक घोट घेतला. साखर बरोबर पडली आहे. दुसरा