फिट, साखर आणि अर्धी नेवरी

मये, रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज हरमलला माझ्या मुलासाठी, मनोजसाठी, मुलगी पाहून आलो. मुलगी चांगली आहे, पण डोक्यातून जात नाही ती तिची आई.

तिने चहा आणि करंज्यांसारख्या नेवऱ्या पुढे केल्या. मी एक नेवरी उचलून खायला लागले, तोच ती म्हणाली, "आधी एक आयका. माझ्या घोवाक फिट येतत. तेंच्या बापाशीकय येयत. पोरीक कधी येवक नाय."

नवऱ्याला, सासऱ्याला फिट येतात, असं कोण सांगतं? आपल्याकडे हे लग्नानंतरच बाहेर येतं. नणंदेने मला कोपराने ढोसलं. घराण्यातच आहे, उठूया, ती कुजबुजली.

मला बाबा आठवले. वैद्य होते. म्हणायचे, बीजाचा जो भाग बिघडलेला असेल तेवढंच मुलात उतरतं, म्हणून आंधळ्याचं मूल आंधळं होतंच असं नाही. हाताशी काही नसताना जुन्या वैद्यांनी हे कसं ताडलं असेल? आणि कुळातून येणारा म्हणून त्यांनी सांगितला तो मधुमेह. आईला होता. मला आहे. आणि कुणाला कळू नये म्हणून मी गोड नेवरी खात बसलेय.

अर्धी नेवरी बशीत ठेवली. म्हटलं, "मला साखर आहे. माझ्या आईलाही होती."

ती दचकली नाही. बशी आपल्याकडे ओढून घेत तिने आत हाक मारून चहा मागवला, "बिनसाखरेची चाय हाड गो."

होकार मुलाकडच्यांनी कळवायचा, ही रीत. पण निघताना मीच तिला विचारलं, "तुम्ही कधी कळवाल?"