वरचा सूर माझाच

बुधवार, १२ ऑगस्ट. सकाळी ७.१०
आधी एक दुरुस्ती. सोमवारच्या नोंदीत लिहिलंय की माझ्या पहिल्या सोलो गाण्यातला वरचा सूर चौथ्या टेकला लागला. चूक. टेक एकोणीस झाले आणि सूर लागलाच नाही. शेवटी रेकॉर्डिस्टने आमच्या बँडचं जुनं रेकॉर्डिंग काढलं, तेवढी ओळ तिथून उचलून बसवावी म्हणून. माझ्या माइकवर त्या जागी नुसता श्वास होता. सूर ताईच्या माइकवर. ती मागे बास गिटार वाजवता वाजवता गायची. सहा वर्षं टाळ्या मी घेतल्या.
रेकॉर्डिस्टने विचारलं, हाच लावू? मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते त्याने ठरवलं.

गुरुवार, १३ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. आईने आम्हा दोघींना एकाच खोलीत, एकाच वेळी गाणं शिकवलं. बाबा अजून फोनवर विचारतात, मोठी की धाकटी? म्हणजे आवाज घरचाच. घरच्या वस्तूला कसली परवानगी?
(ताईची छत्री मात्र काल विचारून घेतली.)

रविवार, १६ ऑगस्ट
ताई जेवायला आली. मी सोडल्यापासून बँड गायिका शोधतोय. आतापर्यंत तिघी येऊन गेल्या. एक दातांची डॉक्टर होती, ताई म्हणाली, आम्हालाच भूल द्यायला हवी होती. वरची जागा कुणालाच जमत नाही. ड्रमर, म्हणजे आमचा भूकंप, म्हणाला, मग तूच गा की! यावर ताई पोट धरून हसली. मी? मी मागे ऊ-ऊ करणारी बाई!
तीस तारखेपर्यंत कुणी मिळालं नाही तर त्याच दिवशी सरावाची खोली रिकामी करणार, बँड बंद.
सांगायला हीच वेळ होती. मी मोठा घास घेतला. भरल्या तोंडाने बोलू नये, हे आईचंच वळण.

बुधवार, १९ ऑगस्ट. दुपारी
ताईला मेसेज लिहिला. चारदा खोडला. अखेर पाठवला : उद्या पाऊस आहे म्हणे.
पण हात बांधून बसले नाही. गाण्याच्या श्रेयनामावलीत तिचं नाव घालायला लावलं. रेकॉर्डिस्टने विचारलं, गायिका म्हणून? म्हटलं, नको, ‘प्रेरणा’ लिहा. प्रेरणा गाण्यापेक्षा मोठी असते. आता बरंच हलकं वाटतंय.

शुक्रवार, २१ ऑगस्ट
गाणं आलं. सगळे त्या एका ओळीबद्दलच बोलतायत. एका समीक्षकाने लिहिलंय, बँडच्या गोंगाटातून सुटल्यावर हा आवाज खऱ्या अर्थाने मोकळा झाला. कात्रण वहीत चिकटवलं. मग काढलं. मग, डिंक वाया जाईल म्हणून, परत चिकटवलं.

मंगळवार, २५ ऑगस्ट. सकाळी
ताईचा फोन. गाणं अकरा वेळा ऐकलं म्हणाली. वरच्या जागेला रडू आलं म्हणाली. आणि मग, अगदी सहज : आता आम्ही शोध थांबवतो गं. तुझ्यासारखं कुणी मिळणार नाही, आणि मला तर हे सात जन्मांत जमायचं नाही.
मी म्हणाले, छे, तसं काही नाही.
म्हणजे विषयाला सुरुवात झालीच आहे. उरलेलं फक्त सांगायचंय.

शनिवार, २९ ऑगस्ट. संध्याकाळी ६
सरावाच्या खोलीवर गेले. सांगायचंच, असं ठरवून. ताई वायरी गुंडाळत होती. भूकंपने विचारलं, तुझ्याकडे कुणी गाणं शिकतं का? ती वरची जागा शिकवता येईल का? मी म्हटलं, ती शिकवून येत नाही, घरातूनच यावी लागते. ताईने मान डोलावली. मग मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसली, आणि भूकंपला म्हणाली, बघ, माझी धाकटी!
पाच मिनिटांत निघाले.
ठरलं. उद्या तीस, सामान हलवायचंय, टेम्पो दहाला येणार. त्या गडबडीत तिला त्रास कशाला? सगळं शांत झालं की सांगते.
सोमवारी, ३१ ऑगस्टला. सकाळी आठ वाजता, नक्की.