फक्त मागची दोन

सोमवार, ४ मे. सकाळ.

लगागा लगागा लगागा लगागा. चौथीत होतो. शाळेच्या फाटकाशी तपासनीस साहेबांची दोन सीटांची लाल गाडी येऊन थांबली, तेव्हा इंजिनाचा असा आवाज आला होता. शुद्ध भुजंगप्रयात वृत्त. वर्गात आम्ही दुसऱ्याच चालीत कविता म्हणत होतो, ती आपोआप त्या तालावर गेली. मास्तरांनी झोडपलं. आवाज कानात राहिला तो राहिलाच. रिटायर झाल्यावर तसलीच स्पोर्ट्‌स कार घेतली. लाल, उघड्या छताची, सेकंडहँड.

हिला शेजारी बसवून फिरवायचं म्हणून घेतली. ही अजून एकदाही बसलेली नाही. आज म्हणाली, मागची टायरं पार गुळगुळीत झालीत. ती बदला, मग रविवारी आक्काकडे तुमच्या गाडीतून येते. नाहीतर जावयाबरोबर जाते.

आक्का म्हणजे हिची थोरली बहीण. डोंगरापलीकडे एकटी राहते. रस्ता सगळा वळणांचा. अशा रस्त्यावर हिला कविता ऐकवत न्यायची, हे माझं जुनं स्वप्न.

संकल्प: शनिवारच्या आत नवी टायर. फक्त मागची दोन. पुढची ठणठणीत आहेत.

संध्याकाळ.

जावयाचा फोन. बाबा, बदलताच आहात तर चारही बदला. याला कोणी विचारलं होतं? स्वतः खोक्यासारखी गाडी चालवतो. तिच्यात सात माणसं बसतात, पण एक कल्पना बसायची नाही. मी ऐकवलं, की माझ्या गाडीत इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर, म्हणून मागची आधी झिजतात. तर म्हणाला, हो, ते बरोबर आहे. त्याने बरोबर म्हटल्याचा जास्त संताप आला.

मंगळवार, ५ मे.

टायरवाल्याकडे गेलो. रेडिओ ठणाणा लावून शेंगदाणे खात बसला होता. मला आजोबा म्हणाला. गाडी घेऊन या म्हणाला. मी म्हटलं, त्या टायरांवर गाडी हलवणार नाही असा बायकोला शब्द दिलाय, तुम्हीच या. मग टायरवरचा मापाचा नंबर आणून द्या, म्हणाला.

पार्किंगमध्ये गाडीची पाठ भिंतीला टेकलेली असते. तोंड रस्त्याकडे हवं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला. मागे वाकायला जागा नाही, आणि जागा असती तरी कंबर आहे. पुढच्या टायरवरचा नंबर उतरवून घेतला. श्लोकाचे चार चरण सारखे, तशी गाडीची चार चाकं. यात पाहायचं काय?

टायरवाल्याने विचारलं, मागचाच ना हा? लघु-गुरू मोजण्यात जन्म गेलाय माझा. त्याच्याकडे असा काही पाहिलं, की त्याने मुकाट्याने ऑर्डर दिली.

बुधवार, ६ मे.

त्याची माणसं आली. गाडी पुढे ढकलली, मागची दोन्ही चाकं काढून दुकानात नेली. गाडी लाकडी ठोकळ्यांवर. मी तेव्हा वर होतो. ओळ सुचत होती. पळे लाल घोडा उन्हातून माझा. हिला ऐकवली. ही भाजी निवडत होती. म्हणाली, घोडा सध्या ओंडक्यावर बसलाय. कवितेचा संस्कार घरातून असावा लागतो.

गुरुवार, ७ मे.

टायरवाल्याचा फोन. आजोबा, टायर अरुंद निघाली, रिमवर बसतच नाहीत. मी म्हटलं, रिम चुकली असेल.

फोन ठेवला तर ही म्हणते, मागची जाडच आहेत की हो पुढच्यापेक्षा. रोज तुम्ही गाडी काढता तेव्हा गॅलरीतून दिसतात. तुम्हाला माहीत नव्हतं? नव्हतं. मी गाडी चालवतो, गॅलरीतून बघत बसत नाही. इतकी वर्षं ही माझी गाडी वरून न्याहाळते आणि मला एका शब्दाने सांगत नाही.

संध्याकाळ.

उलगडा झाला. गाडी अर्धसमवृत्तात आहे. पहिला-तिसरा चरण सारखा, दुसरा-चौथा सारखा. कंपनीने आधी सांगायला नको? जावई म्हणतो, दाराच्या आतल्या कडेला स्टिकर असतो. दाराची कड कोण वाचतं?

शुक्रवार, ८ मे.

दुकानात जाऊन कडाडलो. योग्य टायर सोमवारी येतील म्हणाला. मग तोवर जुनीच बसव म्हटलं. ती भंगारात गेली, म्हणाला. ग्राहकाच्या स्वप्नांशी खेळणं या विषयावर त्याला सविस्तर सुनावलं. त्याने शेंगदाणे पुढे केले आणि म्हणाला, आजोबा, चिडून रबर रुंद होत नाही. त्याला आयुष्यात क्षमा नाही. शेंगदाणे मात्र खमंग होते.

शनिवार, ९ मे.

निर्णय: माझ्या गाडीतून नाही तर कोणीच नाही. ही बाजारात गेली तेव्हा आक्काला फोन केला. उद्या कोणी येत नाही, टायरवाला नालायक आहे, असं सांगितलं. बरं, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. दुःखाने पुढे बोलता आलं नसणार बिचारीला. आता हिला हळूच सांगायचं, की बहिणीचा बेत बारगळला.

रात्री जेवताना सांगणार होतो. आमटी गार होती, त्यावरून वाजलं. राहिलं.

रविवार, १० मे. सकाळ.

जावई हजर. खोकं दारात. आक्का मोबाइल ठेवत नाही; हिने निघण्यापूर्वी तिच्या घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. फिरायला गेली असेल म्हणाली. मी कालचं बोललो नाही. जावयासमोर बोलायचं?

तुम्हीपण चला म्हणाली. मागच्या सीटवर बसून? नाही गेलो. जिन्यात थांबून म्हणाली, मी खरंच बसणार होते हो तुमच्या गाडीत. वाऱ्यात केस उडू नयेत म्हणून रुमालसुद्धा आणला होता. मग हे आधी सांगायचं नाही माणसाला? दार आपटलं. बोट मध्ये आलं.

दुपार.

बेल वाजली. टायरवाला माफी मागायला आला असणार, असं धरून चेहरा कठोर केला आणि दार उघडलं.

आक्का. हातात पिशवी, घामाने डबडबलेली. म्हणाली, भाऊजी, तुम्ही कोणी येत नाही म्हणालात, म्हटलं आपणच जावं. पहाटेच निघाले, तीन बस बदलल्या. कुठाय ती?

सांगावं लागलं.

पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. दारातच उभी. म्हणते, माझ्या घराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्यापाशी. ती दोघं तिकडे उन्हात उभी असतील. चला, उठा, काढा ती तुमची पळणारी गाडी.

चष्मा शोधतो असं सांगून आत आलोय. चष्मा डोळ्यांवर आहे, हे तिने पाहिलंय.