वसरामनं बूथमध्ये म्हटलेलं गाणं

औंढा नागनाथ,
जि. हिंगोली (परभणी लिहिणं आता सोड, जिल्हा वेगळा झालाय)
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय अंजू,

सप्रेम जयभीम. भाऊजींना नमस्कार, लेकरांना गोड पापा. इकडे सगळे बरे आहेत. आमचे मास्तर शाळेतही मास्तर आणि घरीही मास्तर, लग्नाला बारा वर्षं झाली तरी नवऱ्यासारखे वागायला शिकलेले नाहीत. माझा एसटीडी बूथ बरा चालतो. नागनाथाचं दर्शन झालं की माणूस घरी फोन करतोच. "पोचलो, दर्शन झालं, गर्दी लई व्हती," एवढंच सांगायचं असतं, पण सांगितल्याशिवाय त्याचं दर्शन पुरं होत नाही.

तू विचारलंस, आपल्या ठिणगी बँडच्या नव्या कॅसेटचं काय झालं. बाई, जितक्यांना विचारावं तितकी उत्तरं. हिंगोलीचे कॅसेटवाले पुनमचंदशेठ म्हणतात, रेकॉर्डिंग कधीच झालंय, पण कंपनीच बुडाली. आपल्या गाडीचे कंडक्टर तातेराव औरंगाबादेहून दर खेपेला नवी बातमी आणतात. या खेपेची अशी की, गाणारा वसराम आणि ड्रमवाला देवला यांचं फाटलं, आता एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत. मागच्या खेपेला हेच तातेराव सांगत होते की दोघं मिळून दुबईला गेले. कॉलेजची पोरं म्हणतात, वसरामनं माळ घातली आणि गिटार विकली. मग ती गिटार आपण विकत घेतली म्हणणारे वसमतला दोघं निघाले आणि ती म्हणे हट्ट्यालाही एकाकडे आहे. माझं डोकं भणभणून गेलंय. शेवटची कॅसेट येऊन दहा वर्षं होत आली, आणि अजून लोक असं बोलतात जशी ती कालच्या गाडीनं यायची होती आणि गाडी चुकली.

आपण दोघींनी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते गॅदरिंग आठवतं ना? ऐन गाण्यात लाइट गेली. गिटार मुकी झाली, माइक मेला, आणि देवला एकटा अंधारात ड्रम बडवत राहिला. तू माझा हात इतका दाबलास की माझी बांगडी फुटली. तुझे वडील म्हणाले होते, याला गाणं म्हणत असतील तर आमच्या दारात रोज गाणं होतं, पत्र्यावर माकडं नाचतात.

एक विचारायचं होतं. तुझ्याकडच्या जुन्या कॅसेटी अजून नीट वाजतात का? माझ्या पार मेल्यात. आवाज पूर्ण वाढवला तरी कुठूनतरी विहिरीतून आल्यासारखं वाटतं. त्यात परवा शेजारीण भांडायला आली, म्हणे लेकरू झोपत नाही. हिचं मला काही कळलंच नाही. लोकांचे उच्चारही हल्ली धड राहिलेले नाहीत. तातेराव तर पुटपुटतातच. बूथवर मी आता प्रत्येकाला नंबर चिठ्ठीवर लिहायला लावते, म्हणजे आकडा चुकत नाही.

ही कॅसेट आता लवकर यायला पाहिजे, अंजू. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी असं नाही. लवकर. का ते विचारू नकोस.

आणि फोन करत जाऊ नकोस, पत्र लिही. एसटीडीवालीच असं म्हणते म्हणून हसशील. पण फोनवरचं बोलणं ठेवून देता येत नाही.

तुझी,
ज्योती

---

औंढा नागनाथ
१२ मार्च २०००

प्रिय अंजू,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. शिवरात्रीची यात्रा होती, आठ दिवस जेवायला फुरसत नव्हती. आता बस, आणि हातातलं काम बाजूला ठेव.

वसराम आला होता. माझ्या बूथमध्ये.

मी ओळखलं नाही. कशी ओळखणार? खांद्यावर रुळणारे ते केस गेले, कपाळ मागे सरकलं. अंगात हाफ स्वेटर, कपाळाला गंध, हातात प्रसादाची पुडी. मला वाटलं कुणीतरी रिटायर झालेला ग्रामसेवक असेल. चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, मी लावून दिला, तो आत जाऊन उभा राहिला. मी मीटरकडे बघत होते. मध्येच मान वर केली तर त्यानं डोळे मिटलेले, तोंड रिसीव्हरला लावलेलं, आणि दुसऱ्या हाताची बोटं समोरच्या फळीवर वाजवत होता. दोनदा हळू, एकदा जोरात, मग थांबायचा. पुन्हा तसंच. किती वेळ ते सांगता येत नाही, पण मीटरचा आकडा बराच वर गेला. पैसे दिले, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, मी हसले, आणि तो गेला.

मग समोरच्या हॉटेलातून तातेराव पळत आले. मागून आणखी चारपाच जण.

"वयनी, वळखलं न्हाई का तुमी? वसराम व्हता तो! काचेतून दिसून राहिलं आमाला, गात व्हता. काय गात व्हता?"

तुला माहीत आहे, माझ्या बूथचं दार नीट लागत नाही. आतलं बोललेलं माझ्या टेबलापर्यंत येतं. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा जावई रुसला, सगळ्या गावाचं मला कळतं असा माझा लौकिक आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी सांगितलं, नवं गाणं होतं. संथ. आईवरचं.

संध्याकाळच्या गाडीनं ते हिंगोलीला पोचलं. दुसऱ्या दिवशी पुनमचंदशेठनी दुकानात येईल त्याला सांगितलं. आठ दिवसांनी तातेराव मलाच सांगत आले, "ऐकलं का वयनी, नांदेडची पोरं लई भडकलीत. म्हणतात, ठिणगी म्हातारी झाली, आता आईबापाची गाणी म्हणणार." दुसरे म्हणे रडले, की वसरामची आई गेली असणार, म्हणूनच दहा वर्षं गप्प होता. शिरड शहापूरच्या एकानं तर त्या गाण्याचं पहिलं कडवंही म्हणून दाखवलं. ते ऐकून लोकांना पटलं, आणि खरं सांगू, क्षणभर मलाही पटलं.

नंबर बऱ्याच जणांनी मागितला. मी कोणाला दिला नाही, चिठ्ठी फाडून टाकली. गिऱ्हाइकाचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, हा धंद्याचा नियम आहे.

तू आता चाल विचारशील. ती काही सांगता येणार नाही, मला कुठं गाता येतं.

मास्तरांचा तुला नमस्कार. ते हल्ली माझ्याशी बोलताना आधी समोर येऊन उभे राहतात. वर्गात मुलांसमोर उभं राहून सवय लागली असेल.

तुझी,
ज्योती

---

औंढा नागनाथ
११ नोव्हेंबर २०००

प्रिय अंजू,

सप्रेम जयभीम.

तुझी तीन पत्रं माझ्यासमोर आहेत आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तू रागावून फोन केलास तेव्हा मास्तरांनी उचलला आणि मी आंघोळीला गेले असं सांगितलं. मी तिथंच होते, त्यांच्या शेजारी. तू काय म्हणालीस ते त्यांनी मला नंतर सांगितलं, समोर बसून, हळूहळू.

तू लिहिलंस, "चाल सांगता येणार नाही म्हणतेस? कॉलेजात एकदा ऐकलेलं गाणं तू जसंच्या तसं म्हणायचीस. माझ्यापासून काय लपवतेस?" तिथंच पकडलंस मला. मला वाटलं होतं, तू विसरली असशील.

अंजू, मला ऐकू येत नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला, आता उजवाही चाललाय. मे महिन्यात मास्तर मला नांदेडला घेऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, नस सुकत चाललीय, परत येणार नाही. कानातल्या मशीननं कोणी समोर बोललं तर थोडं कळेल. मी विचारलं, आणि गाणं? ते मास्तरांकडे बघून काहीतरी बोलले. मास्तरांनी मला ते अजून सांगितलेलं नाही, म्हणजे मला कळलंच.

कॅसेटी चांगल्या होत्या गं. शेजारणीचं लेकरूही खरंच झोपत नव्हतं. मीच सगळ्यांना नावं ठेवत होते, तातेरावांना, गिऱ्हाइकांना, कॅसेटींना. मास्तरांना माझ्या आधी समजलं होतं. कधीपासून ते माझ्या पाठीमागून बोलत नव्हते, आणि मला वाटलं सवय.

त्या दिवशी वसराम माझ्यापासून दोन हातांवर गात होता आणि मला काहीही ऐकू आलं नाही. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यानं माझ्याच बूथमध्ये उभं राहून म्हटलं. सगळे विचारायला आले तेव्हा "मला ऐकू आलं नाही" हे तोंडातून निघेना. निघालं असतं तर सगळंच कळलं असतं. म्हणून सुचेल ते बोलले. आईवरचं का म्हणाले तेही माहीत नाही. आईचं गाणं म्हटलं की कोणी फार खोदून विचारणार नाही, असं वाटलं असेल.

आता पुढचं ऐक, कारण खरा गोंधळ इथून सुरू होतो.

कॅसेट आली. तुझ्याकडे नाशिकला आली असेलच. पुनमचंदशेठनी पहिल्या गठ्ठ्यातली एक तातेरावांच्या गाडीतून माझ्यासाठी पाठवली, वर्तमानपत्रात गुंडाळून. पैसेही घेतले नाहीत. म्हणाले, पहिला हक्क ज्योतीबाईचा, नवं गाणं सगळ्यांच्या आधी तिनं ऐकलंय.

आठच्या आठ गाणी जोरातली आहेत म्हणे. कान फाटतील अशी. पोरं खूश आहेत. संथ गाणं एकही नाही, आईवरचं तर नाहीच नाही.

मला वाटलं, आता माझं पितळ उघडं पडलं. दोन दिवस मी बूथवर मान खाली घालून बसले. तिसऱ्या दिवशी तातेराव आले, समोर टेकले, आणि तोंड एवढं मोठं करून बोलले की मला शब्द न् शब्द कळला. "वयनी, बराबर हाय तुमचं. ते गाणं दाबून ठिवलंय त्यानं. पुढच्या कॅसेटीसाठी."

म्हणजे आता माझ्या गाण्याची वाट बघणं सुरू झालंय. पुनमचंदशेठ म्हणतात, कंपनीनं काढून टाकलं. कॉलेजची पोरं म्हणतात, देवलानं संथ वाजवायला नकार दिला, त्यावरूनच दोघांचं फाटलं होतं. शिरडच्या त्या माणसाला आता दुसरं कडवंही आठवलंय. कोणी एकजणही म्हणत नाही की ही बाई खोटं बोलली. मला तर कधीकधी वाटतं, त्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं. मग वाटतं, काय सांगू? त्यानं काय म्हटलं ते मला माहीतच नाही. कदाचित ते संथच असेल. कदाचित आईवरचंही असेल. मी खोटं बोलले हे तरी मला कसं ठाऊक?

काल मास्तर शाळेत गेल्यावर मी दार लावलं आणि कॅसेट घातली. आवाज पूर्ण वाढवला, शेजारणीनं काय म्हणायचं ते म्हणू दे. स्पीकरवर दोन्ही तळवे ठेवून बसले. देवला तसाच आहे अंजू. हातातून कोपरापर्यंत येतो. गिटार कळत नाही, शब्द तर नाहीच, पण देवला कळतो. मी गॅदरिंगच्या अंधारात बसल्यागत डोळे मिटले आणि खूप रडले, आणि मला बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

मग मी शोधायला लागले. वसरामची बोटं मला अजून दिसतात. दोनदा हळू, एकदा जोरात, मग थांबायचं. दोन्ही बाजू लावल्या, पुन्हा लावल्या. ते कुठेच नाही. निदान माझ्या तळव्यांना सापडलं नाही. तळव्यांवर किती विश्वास ठेवायचा हे मला अजून कळत नाही, नवीनच आहेत ते या कामाला.

म्हणून तुला एवढंच मागते. दुपारी लेकरं शाळेत असतील तेव्हा ती कॅसेट लाव आणि सगळी ऐक. बोटं फळीवर ठेवून ऐक. तो ठेका कुठं सापडला तर ते गाणं मला लिहून पाठव, शब्द, आणि आवाज कुठं चढतो, कुठं उतरतो, वसरामचा गळा म्हातारा झालाय का, सगळं. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मला कळेल.

आणि नाही सापडला, तरीही लिही. मग ते गाणं खरोखर राहिलंय असं समजू. सगळे त्याची वाट बघतील, मीही बघेन. येईल तेव्हा ते सगळ्यांना ऐकू येईल, मला येणार नाही. पण त्याला ते गाताना दोन हातांवरून पाहिलंय ते मी एकटीनं.

बूथ चालू आहे. नंबर चिठ्ठीवर, आकडे मीटरवर, अडत काही नाही. लोक अजूनही माझ्याकडे बघून फोनवर आवाज खाली करतात. करू देत.

लांब पत्र लिही, अंजू. आता मी तुझ्याच कानांच्या भरवशावर आहे.

तुझी,
ज्योती