फोनवरचं एरंडेल

डॉक्टर, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज तुमच्यावरच चिडून लिहायला बसलोय. आताचे डॉक्टर पनवेलला बसतात, खालापूरच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदाच येतात. बाकीचे दिवस पेशंट माझ्यासमोर आणि डॉक्टर फोनवर. सकाळी लाइन खरखरत होती. मी म्हटलं, "साहेब, औषधाचं नाव परत म्हणून दाखवतो." तर म्हणाले, "अहो, वेळ नाही मला, द्या पटकन." पेशंट दिसतो कसा, हेही विचारलं नाही. मी रिसीव्हर आपटला आणि आठवण तुमची काढली, कारण ही परत म्हणायची खोड तुम्हीच लावलीत.

तुम्ही मंगळवारी कर्जतला असायचात. तेव्हा मी आधी घरी जाऊन पेशंट बघायचा, मग पोस्टातून तुम्हाला फोन करायचा, हा तुमचा दंडक. तुमचं औषध मी मोठ्यानं परत म्हणायचो आणि टपालाला आलेली माणसं हसायची. "काय रं कंपौंडर, पाढं पाठ झालं का?"

त्या मंगळवारी एक म्हातारा शेतकरी आला. "सुनंचं प्वाट दुखतंय, औषिद दे." त्याला घेऊन पोस्टात गेलो. फोनवर तुम्ही विचारलंत, "दिवस गेलेत का?" मी तिथंच म्हाताऱ्याला विचारलं. तो उसळला, "नाय रं! चारचौघात सुनंचं काय इचारतोस?" कुठला सासरा असलं पोस्टात बोलेल? त्याला कुणी सांगितलं तरी असेल का? इथल्या माणसाला, मला, हे कळायला हवं होतं. मी "नाही" म्हणून कळवलं. तुम्ही एरंडेल सांगितलंत. मी बिनचूक परत म्हणून दाखवलं आणि बाटली दिली.

दुपारी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. तिसरा महिना होता. भाताच्या ट्रकमधून पनवेलला नेली. ती वाचली, मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओटीवर तुम्ही हात जोडलेत. "चूक माझी. न बघता औषध सांगितलं." म्हातारा म्हणाला, "देवाची मर्जी, डाक्तर. तुमी तरी काय करनार?" मी मागं तुमची बॅग धरून उभा. पुढं तुम्ही फोनवर औषध सांगणंच बंद केलंत. मंगळवारी आलेली माणसं ताटकळायची आणि बोलणी मी खायचो. इतका राग यायचा तुमचा! सगळं स्वतःवर ओढून मोकळे झालात. एकदा तरी मला खडसावून विचारायचं होतंत.

हे वहीतच राहणार. रोज मारुतीपुढं दिवा लावतो, पण तिथंही तोंडातून निघालेलं नाही. एरंडेल सांगण्याआधी तुम्ही विचारलं होतंत, "तू स्वतः बघून आलास ना?" मी "हो" म्हणालो. घर दोन मैलांवर होतं आणि ऊन फार होतं.