रोह्याचा गणपती आणि माझं मटेरियल सायन्स

५ ऑगस्ट
रोह्याला व्याह्यांकडे जाऊन आलो. आमच्या अंतराचा सासरी पहिलाच गणपती. भर पंगतीत जाहीर केलं, यंदा शाडूची मूर्ती मी स्वतः घडवणार. व्याही हैबतराव म्हणाले, मास्तर, तुमच्या पेणात गणपतीचे रग्गड कारखाने हायत, कशाला तरास घेता? मग त्यांना मटेरियल सायन्स समजावलं. वस्तू कशाची, आतून कशी बांधलेली, कोणत्या कामाची. भांडं, पूल, मोबाइल, सगळं यावरच उभं. आयुष्यभर शाळेत हेच शिकवलं. अंतरा ताटात बघत होती. अभिमानाने, बहुतेक.

१४ ऑगस्ट
मूर्ती तयार. बायकोच्या मते सोंड पायासारखी दिसते. सुनीतीला मटेरियल कळत नाही. दमट हवा, माती वाळेना. हॅलोजन लावला.

१५ ऑगस्ट, सकाळ
पोटाला तडा! कारण सोपं. बाहेरची माती आधी सुकून आकसली, आतली ओलीच. हे मला ठाऊक होतंच. मग हॅलोजन का लावलात, हा सुनीतीचा प्रश्न. मी तडा बुजवायला बसलो.

२० ऑगस्ट
आणखी तडे. भंगलेली मूर्ती नेली तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. सुनीती म्हणते, गुपचूप कारखान्यातून आणा. मुळीच नाही! फायबरची जाळी आणि एपॉक्सी गोंद आणला. आतून-बाहेरून दोन-दोन हात. आता ही नुसती माती नाही, कंपोझिट आहे, अनेक पदार्थ मिळून एक.

२६ ऑगस्ट
एसटीत मूर्ती मांडीवर. गडब गावाच्या पुढे गाडी अशी आदळली की माझा चष्मा फुटला. बाप्पाला ओरखडा नाही! हैबतरावांनी हात जोडले. अंतरा हसली. जिंकलो.

२ सप्टेंबर, संध्याकाळ
रोहा. विसर्जन अंगणातच, घंगाळात. यांच्याकडे विरघळलेली माती दुसऱ्या दिवशी भाताच्या शेतात घालतात म्हणे. हे आधी कुणी बोललं नाही. एपॉक्सी पाण्यात विरघळत नाही. पोट दुखतंय सांगून पेणला घरी आलो.

४ सप्टेंबर
अंतराचा फोन. बाप्पा जसेच्या तसे, रंगसुद्धा उतरला नाही. आजेसासूबाई रडतायत, देव कोपला म्हणतात. पाणी कोमट करून बघा म्हटलं.

९ सप्टेंबर
जावई ऋत्विक बाप्पासकट घंगाळ घेऊन दारात. त्याने वडिलांचा निरोप सांगितला, बाप्पा आमच्याकडून जायला तयार नाय, मास्तरांनीच बघावं. पुढच्या वर्षीपासून मूर्ती कारखान्यातली.
घंगाळ आमच्या मोरीत. सुनीतीने लगेच जास्वंदीचं फूल वाहिलं.
रात्री अंतराने फोनवर विचारलं, बाबा, वस्तू कोणत्या कामाची ते आधी बघावं, हे तुम्हीच शिकवायचात ना?
रेंज नाही सांगून फोन ठेवला.