दोन्ही हात भिंतीला

११ सप्टेंबर, गुरुवार

ठरलं एकदाचं. सुचितासोबत मी जायचं.

सकाळपासून घरात हेच चाललं होतं. तिच्या कॉलेजच्या पोहण्याच्या स्पर्धा पुढच्या आठवड्यात, बुलढाण्याला, दोन दिवस. सोयरीक जुळवताना तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं – पोरगी पोहते, बक्षिसं आहेत, बी.ए. पूर्ण करू द्या. आम्ही हो म्हटलं. आमच्या जीवनला पोरगी आवडली होती, आम्हालाही आवडली होती. पोहते म्हणजे नेमकं काय, कुठं, कोणासमोर – हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आता तिच्या वडिलांची बदली अकोल्याला झाली, म्हणजे बुलढाण्यात तिचं कुणी उरलं नाही.

ह्यांचं एकच – चारचौघांत तसल्या कपड्यात घरची सून उभी राहणार नाही. "धामणगावात रामरावची सून म्हणून ओयखतात लोक तिले," म्हणाले. जीवन पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, तूच काढ काहीतरी मार्ग. म्हणजे नेहमीसारखं!

काढला. मी सोबत जाईन आणि पोशाख अंगभर असेल. मनगटापासून घोट्यापर्यंत. हे गप्प बसले. ह्यांचं गप्प बसणं म्हणजे हो.

गुडघे ठणकतायत. उद्या उडीद भिजवायचाय, सासऱ्यांची तिथी आली.

१४ सप्टेंबर, रविवार

तिचा पोशाख मशीनवर घेतला. खांद्यापाशी संपतो, गुडघ्याच्या वर संपतो. मोताळ्याहून तसलंच काळं, ताणणारं कापड आणवलं होतं. बाह्या जोडल्या, खाली पाय जोडले. शिवण सुटू नये म्हणून दुहेरी टीप मारली. सुचिता बाजूला बसून सुईत दोरा ओवून देत होती.

म्हटलं, पाण्यात जड होईल का गं?

थोडं, म्हणाली. बस.

ही मुलगी फार कमी बोलते. आधी मला वाटायचं गरीब आहे. आता तसं वाटत नाही, पण काय आहे तेही कळत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

पिशवी भरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, माझं गुडघ्याचं तेल. ह्यांच्या दोन दिवसांच्या भाकरी शेजारच्या तानाबाई करून देणार आहेत. त्यांना चार वेळा सांगून आले. आत्ताच थकले, स्पर्धा अजून व्हायचीच आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार. बुलढाणा, मुलींचं वसतिगृह

काय दिवस होता!

तलावाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या, तिथे बसले. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली पोरं-पोरी. पाण्याचा वास नाकात शिरून डोकं दुखायला लागलं. पोरींचे कपडे पाहून पहिल्यांदा मान खाली घातली, खोटं कशाला लिहू. थोड्या वेळानं पाहिलं तर तिथे कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे पाण्यावर.

कडेला पांढऱ्या कपड्यातले पंच उभे असतात. कुणी चुकलं की पंच हात वर करतो. हात वर झाला की संपलं – पोहलेलं सगळं बाद. एक पोरगी शिट्टीच्या आधीच पाण्यात पडली, बाद. ती भिंतीला डोकं लावून रडत होती. एक उंच पोरगा सगळ्यांच्या पुढे होता, तो दोरीखालून शेजारच्याच्या रांगेत घुसला. त्याच्यासाठीही पंचाचा हात वर. त्यामुळे चौथा आलेला बारका पोरगा तिसरा झाला, आणि त्याला ते पटतच नव्हतं. तीनदा विचारून आला.

मग सुचिता. शंभर मीटर, पाठीवर पोहायचं. तिच्या खेळाच्या सरांनी, लक्ष्मीकांत सरांनी, सकाळीच तिच्या पोशाखाकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. काहीतरी बोलले तिच्याशी. तिनं मान हलवली.

तिला पाण्यात मी कधी पाहिलंच नव्हतं. घरात पावलांचा आवाज न करता वावरते ती. पाण्यात मात्र दणादण हात पडत होते. बाह्यांत पाणी भरून फुगलेलं पायऱ्यांवरून दिसत होतं, तरी ती पुढे. सगळ्यांच्या पुढे! मी उभी राहिले केव्हा ते कळलं नाही.

पहिली आली. आणि मग काही वेळानं भोंग्यावरून नाव पुकारलं – बाद.

मी सरांकडे धावले, म्हणजे जितकं धावता येतं तितकं. दुसरी आलेल्या पोरीच्या कॉलेजनं हरकत घेतली होती. नियमात बसत नाही म्हणे. खांद्याच्या बाहेर कापड नको, गुडघ्याच्या खाली नको, जोडलेलं तर नकोच. सर म्हणाले, "काकू, मी तिला सकाळीच सांगितलं होतं. ती म्हणाली, घरी शब्द दिलाय, असंच पोहीन."

म्हणजे बाद होणार हे माहीत असून ती पाण्यात उतरली होती. मला एका शब्दानं बोलली नाही.

तिच्या शेजारी जाऊन बसले. टॉवेल गुंडाळून बसली होती, दात वाजत होते. दशमी दिली. खाल्ली तिनं.

संध्याकाळी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर ऊन होतं. तिला म्हटलं, आण तो पोशाख इकडे. ब्लेड मागून आणलं आणि एकेक टाका उसवायला बसले. दुहेरी टीप माझीच, निघता निघेना. बोटं दुखली. ती समोर उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आई, घरी बाबांना फोन करून विचारायचं का?"

"नको," म्हटलं.

दिवसभराचा थकवा एकदम अंगावर आला. कापडाचे तुकडे पिशवीत टाकले. आता पाठ टेकते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. एस.टी.त, मोताळ्याच्या पुढे

अक्षर हलतंय. घरी गेल्यावर लिहिणं होणार नाही म्हणून आत्ताच.

आज तिचा मुख्य प्रकार होता, ब्रेस्टस्ट्रोक. बेडकासारखे हातपाय मारत जायचं, भिंतीला दोन्ही हात एकदम लावायचे आणि वळायचं. नुसत्या पोशाखात ती आली तेव्हा मीच इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहत नव्हतं. गुडघ्यावर लहानपणची एक खूण आहे तिच्या. आज पहिल्यांदा दिसली.

कालच्यापेक्षा कितीतरी हलकी गेली पाण्यातून. वळून आली, पहिली आली. दुसरी पोरगी अजून मागे होती! सर टाळ्या वाजवत होते. आणि पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईंचा हात वर.

मला आधी वाटलं दुसऱ्या कुणासाठी असेल. भोंग्यावर नाव आलं. पुन्हा बाद! माझं डोकंच फिरलं. काल कपडे, आज काय? घरून निघाल्यापासूनचं सगळं तोंडाशी आलं होतं. पंचबाईंकडे निघाले तर सुचितानं ओल्या हातानं माझा हात धरला.

"राहू द्या आई. माझा एकच हात लागला भिंतीला. मलाच कळलं तेव्हा."

"मग रडत काऊन नाही तू?" मी विचारलं. कसं विचारलं कुणास ठाऊक.

ती हसत होती. खरंच हसत होती, धाप लागलेली. म्हणाली, "कालचं माझं नव्हतं. ही चूक माझी आहे. घाई झाली. पुढच्या वेळी नाही होणार."

पुढच्या वेळी. माझ्या मनात आलं, हिला कुठली पुढची वेळ?

शेवटी पन्नास मीटरची शर्यत होती, साधं पोहणं, ते तिचं नाहीच म्हणे. सरांनी नाव टाकलं होतं म्हणून उतरली आणि दुसरी आली. कुणालाच वाटलं नव्हतं. गळ्यात पदक घालताना फोटो काढले पोरींनी.

माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आहे आत्ता. केस अजून ओले. माझा खांदा अवघडलाय, पण हलत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

फोटो गावात पोचला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पदक, ओले केस, उघडे गुडघे. कृषी केंद्रावर कुणीतरी ह्यांना दाखवला – तुमची सून तर लय चमकून राह्यली, रामराव. कौतुकानं म्हणाला की कसं, देव जाणे.

घरी आले, मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

"तुह्यावर सोडलं होतं मी," म्हणाले. जेवलेही नाहीत.

मीही सांगितलं नाही की शिवण मी उसवली. सुचितानंही नाही. ती ताट उचलून आत गेली.

२४ सप्टेंबर, बुधवार

नवरात्र बसलं. सोयाबीन काढायला आलंय, मजुरांचा चहा, उपासाचं वेगळं.

दुपारी लक्ष्मीकांत सरांचा फोन. बाद झाली तरी निवडणाऱ्या लोकांनी तिला पोहताना पाहिलं होतं. विद्यापीठाच्या संघाच्या सरावाला बोलावलंय. महिनाभर, रोज सकाळी, बुलढाण्याच्या तलावावर. त्यातून संघ निवडणार. पहाटे इथून एस.टी. पोचत नाही, तेवढी राहायची सोय बघा, म्हणाले.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी निवाडा दिला – पोहणं बंद. कॉलेजात आता परीक्षेपुरतं जायचं, अभ्यास घरी. जीवनला फोन लावला. तो म्हणाला, बाबा तापले आहेत, एक वर्ष जाऊ दे, मग पाहू. तिच्याशीही बोलला. ती नुसतं हो, हो म्हणत होती.

माझ्या पोटचा पोरगा. त्यालाही दुसऱ्या कुणीतरी मार्ग काढून हवा असतो. कंटाळा आला मला.

२८ सप्टेंबर, रविवार

तिनं डोक्यावर पदर घ्यायला सुरुवात केली आहे. कुणी सांगितलं नव्हतं. आज तूर पाखडताना विचारलं, काऊन गं? म्हणाली, "सवय करून घेते."

हातातलं सूप खाली ठेवलं मी. पुन्हा उचलायला वेळ लागला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पुरण, भजी, येणारे-जाणारे. सगळ्यांना सोनं दिलं. बोलावंसं कुणाशीच वाटलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

सरांचा पुन्हा फोन. मंगळवारपासून सराव. काय सांगू, म्हणाले. मी म्हटलं, उद्या सांगते.

स्वयंपाकघरात दिवसभर भांडी घासत राहिले, घासलेलीच.

७ ऑक्टोबर, मंगळवार. बुलढाणा

नगरपालिकेच्या मागच्या आळीत एक खोली मिळाली. काल दोघी आलो. ह्यांना समोर बसून सांगितलं – मी सुचितासंग राहाले जातो, महिनाभर, मग पुढचं पाहू. हे म्हणाले, "अन् माह्या जेवणाचं?" मी कणकेचा डबा, डाळीचा डबा दाखवला आणि चप्पल घातली.

सुचिता अंधारातच तलावावर गेली. आता उजाडलंय. चहाची वाट पाहणारं कुणी नाही. मी परत झोपते.